गिरवलेला हात

फार्मसीची पदवी घेतलेल्या बाईनं परक्या देशात जाऊन गिलावा करायला शिकावं, हे बार्शीत कुणालाच पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर स्वरूपालाही पटलं नव्हतं. पण गोळ्या मोजून द्यायचं काम दुकानातल्या यंत्रांनी कधीच ताब्यात घेतलं होतं, आणि जगातला जो तो देश पदवीवाल्यांना दारातूनच नमस्कार करत होता. दारं उघडी होती ती हातानं काम करणाऱ्यांना. एजंटानं चार कामं सांगितली, त्यातल्या त्यात भिंत बरी म्हणून तिनं भिंत निवडली. दोन वर्षं शिकायचं, हातपरीक्षा द्यायची, की कायमचा परवाना. मग नवरा आणि मुलगी येणार. एजंटाचं हे सगळं सांगून झालं तेव्हा त्याच्या कपातला चहाही संपला नव्हता.

या गोष्टीला आता पाच वर्षं होत आली होती. मध्ये नियम दोनदा बदलले. पहिल्यांदा एक वर्ष उमेदवारी वाढली आणि दुसऱ्यांदा परीक्षाच पुढं ढकलली गेली. स्वरूपा पहाटे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची, दिवसभर भिंती लिंपायची, आणि संध्याकाळी पुन्हा वृद्धाश्रमात जेवणं भरवायची. निघताना चार वर्षांची असलेली रेवा आता नऊ वर्षांची झाली होती. पूर्वी ती फोनवर "आई, तू कधी येणार?" असं विचारायची. आता विचारत नव्हती. आता ती पाहुण्यांशी बोलावं तसं नीट बोलायची, आणि स्वरूपाला त्याचंच जास्त लागायचं.

स्वरूपा आली होती ते पोर्ट एलिंग हे दक्षिणेकडच्या समुद्राकाठचं गाव. तिथले उन्हाळे असे काही पेटायला लागले होते की घरोघरच्या एसींना वीज पुरेना. म्हणून 'थंड गिलावा' आला. तसा तो साधाच. चुना, बारीक वाळू, आणि त्यात मेणाच्या जातीच्या पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे दाणे, प्रत्येक दाण्यावर पातळ कवच. दुपारी भिंत तापू लागली की कवचातलं मेण वितळतं आणि वितळताना उष्णता पिऊन घेतं. रात्री गार वाऱ्यात ते पुन्हा घट्ट होतं आणि प्यायलेली उष्णता बाहेर टाकतं. अडचण एकच होती. थापी जोरात दाबली की कवचं फुटतात, आणि हलकी फिरवली तर माल भिंतीला धरत नाही. त्यातून कुठली वीट किती पाणी ओढेल याचा नेम नाही. यंत्राच्या हातांनी हे काम करून पाहिलं, तेव्हा अर्ध्या गावाच्या भिंती पुन्हा खरवडाव्या लागल्या. माणसाला मात्र माल धरतोय की सुटतोय हे मनगटातच कळतं. तशी मनगटं त्या देशाकडं पुरेशी नव्हती, म्हणून तर स्वरूपासारख्यांचं तिथं स्वागत होतं.

हात तयार करायला, स्वरूपा गिलावा शिकायची त्या ट्रेड स्कूलकडं बाही होती. हात हलायच्या आधी मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत विजेच्या अगदी बारीक लहरीतून पोचतो. खांद्यापासून बोटांपर्यंत चढवायची ही पातळ बाही त्या लहरी टिपून ठेवते. मुरलेल्या कारागिरानं ती चढवून भिंत केली की त्याचा हात बाहीत साठतो. मग तीच बाही नवख्यानं चढवली की ती उलटं काम करते. नेमक्या क्षणी नेमक्या स्नायूला हलकासा झटका देते, आणि नवख्याचा हात कारागिरासारखा वळतो. असं शेकडो वेळा झालं की लहान मेंदू ते वळण आपलंच म्हणून ठेवून घेतो. बालवाडीत बाई मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

पण बाही फक्त पहिल्या सहामाहीत वापरायची, पुढं नाही, असा नियम होता. गिरवून आलेला हात ओळखीच्या भिंतीवर छान चालतो आणि अनोळखी भिंतीवर तसाच, डोळे मिटल्यासारखा चालत राहतो. भिंत बघून बदलणारा हात त्यांना हवा होता, आणि परवाना मिळायचा तो अशाच हाताला.

स्वरूपाचा हात तसा होता. का होता, हे तिलाही ठाऊक नव्हतं. शाळेत चित्रकलेतसुद्धा तिला कधी धड मार्क पडले नव्हते. पण थापी हातात आली आणि जमून गेलं.

तिच्या दिराचं नेमकं उलटं झालं. विक्रांत बार्शीत पिकअप चालवायचा. वहिनीचं बस्तान बसतंय असं लांबून दिसल्यावर सासूबाईंनी त्यालाही तिच्यामागं धाडला. "तुझ्या भरवशावर पाठवलाय गं," एवढं एक वाक्य त्या दर फोनला न चुकता म्हणायच्या. विक्रांतचं लग्नही ठरलं होतं, फक्त मुलीकडच्यांनी परवान्यावर तारीख अडवून धरली होती. दोघं एका छोट्या घरात दोन खोल्यांत राहायचे. तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भावजी म्हणायची, आणि परदेशात इतकी वर्षं काढूनही दोघांच्या तोंडचं 'तुम्ही' सुटलं नव्हतं. विक्रांत मेहनती होता, पण हात जड. त्यानं लावलेला माल संध्याकाळपर्यंत भिंतीच्या पायथ्याशी येऊन बसायचा. दुसऱ्या सहामाहीत मास्तरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की दुसरं काहीतरी बघ.

त्या रविवारी स्वरूपानं शाळेतून सरावाच्या नावाखाली एक जुनी बाही घरी आणली, मागच्या अंगणातल्या भिंतीवर स्वतःचा हात तिच्यात भरला, आणि ती विक्रांतला दिली. लोणच्याची बरणी द्यावी इतक्या सहज दिली. हा गुन्हा आहे हे दोघांनाही माहीत होतं. हात देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. पण घरातल्या एकाला येतंय आणि दुसरा तोंड पाडून बसलाय, तर येणाऱ्यानं नुसतं बघत बसायचं, ही रीत त्यांच्या घरात नव्हती.

विक्रांतनं तो हात जीव लावून गिरवला. भिंती सरळ यायला लागल्या, मास्तर खूश झाले. पण हात काही थापीपुरता थांबला नाही. लिंबू पिळताना, टॉवेलची घडी घालताना त्याची बोटं स्वरूपासारखी वळायला लागली. एकदा व्हिडिओवर स्वरूपाचा नवरा रणजित तिच्याशी बोलत होता आणि तिच्या मागं विक्रांत चहा गाळत होता. रणजित बोलता बोलता थांबला.

"विकी चहा तुझ्यासारखा गाळायला लागलाय," तो म्हणाला, आणि विक्रांतच्या हाताकडं बघत राहिला. पाच वर्षांत बायकोच्या हातचा चहा त्यानं घेतला नव्हता. स्वरूपाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं रेवाला बोलवायला सांगितलं.

पुढं ढकललेली परीक्षा शेवटी लागली, तीही अशी की स्वरूपा आणि विक्रांत एकाच तुकडीत आले. मोठ्या शेडमध्ये विटांच्या भिंती उभ्या केल्या होत्या, कुठली वीट कोरडी, कुठली ओली, हे मुद्दाम लपवलेलं. प्रत्येकाच्या हातावर बाही, पण ही बाही शिकवणारी नव्हती. ही फक्त बघणारी. दुपारपर्यंत सगळ्यांच्या भिंती झाल्या आणि सगळे घरी गेले. दोन दिवसांनी फक्त या दोघांना परत बोलावणं आलं.

परीक्षक बाईंचं नाव मिसेस डॅनहर. साठीच्या, केस बारीक कापलेल्या, आवाजात ना राग ना लोभ. त्या म्हणाल्या की तुमचे दोन हात फार जवळचे आहेत. एका घरात राहून, एकत्र सराव करून येतं त्याहून जवळचे. यातला एक मूळ आहे आणि एक गिरवलेला. गिरवणाऱ्यानं मूळ माणसाच्या नकळतही हात उचलला असेल, म्हणून मूळ हाताला आम्ही दोष देत नाही. गिरवलेल्याला नापास करतो आणि तो देश सोडून जातो. तुम्हाला काही सांगायचंय?

दोघांनीही नाही म्हणून मान हलवली.

मग मिसेस डॅनहरनी पडद्यावर एक तुकडा दाखवला. स्वरूपाचा पाय खाली पडलेल्या थापीला लागतो, आणि काम न थांबवता तिचा उजवा हात वाकून थापीला शिवतो आणि छातीपाशी येतो. दुसरा तुकडा विक्रांतचा. पाय बादलीला, हात बादलीला, मग छातीला. अगदी तसंच. ही हालचाल गिलाव्याच्या कामात कुठंच शिकवत नाहीत, त्या म्हणाल्या, म्हणजे ही मूळ माणसाची स्वतःची सवय असणार. आम्हाला वाटतं चोरी इथंच पकडली जाईल. ही सवय कुणाची?

"माझी," स्वरूपा म्हणाली.

"माझी," विक्रांतही त्याच वेळी म्हणाला.

दोघंही खरंच बोलत होते. मिसेस डॅनहर त्यांच्याकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. शेवटी स्वरूपानं समजावून सांगितलं की आमच्याकडं वस्तूला पाय लागला की सगळेच असं करतात, लहान पोरंसुद्धा. का करतात, असं त्यांनी विचारलं. पाय लागला म्हणून, याच्यापलीकडं उत्तर दोघांनाही देता आलं नाही. शेजारचा तरुण सहायक हसू दाबत होता. मिसेस डॅनहरनी तो मुद्दा सोडून दिला.

मग निकाल यंत्रावर सोपवला गेला. त्याची कसोटी तशी समजायला सोपी आहे. माणूस आपली सही कधीच तंतोतंत तशीच करत नाही. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर रेघ ना रेघ जुळली, तर त्यातली एक नक्की खोटी. रणजित पतसंस्थेत कॅशियर होता, त्याला हे पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. हाताचंही तसंच. मूळ हात प्रत्येक फटक्याला भिंतीचं ऐकतो आणि थोडा बदलतो. गिरवलेला हात भिंतीचं न ऐकता ठरल्या चाकोरीतून जातो. कुणाच्या हातात बदल जास्त आणि कुणाच्या कमी, एवढंच यंत्र मोजतं.

यंत्रानं मोजलं, आणि विक्रांत मूळ ठरला.

स्वरूपाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं. मिसेस डॅनहरनी पुन्हा तेच सांगितलं, आणि पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या. विक्रांतची रेघ वरखाली हलत होती. त्यानं दोन वर्षं तो हात इतका घासला होता की आता तो हात त्याचा होऊन भिंतीशी बोलायला लागला होता. स्वरूपाची रेघ जवळजवळ सपाट होती. तिच्या हातानं ओल्या विटेवर आणि कोरड्या विटेवर एकच फटका दिला होता. नशिबानं तो बऱ्यापैकी बरोबर होता, म्हणून भिंत टिकली.

"फरक फार थोडा आहे," मिसेस डॅनहर म्हणाल्या. "काठावरचा निकाल आम्ही एका परीक्षेवर देत नाही. दोन आठवड्यांनी दोघांची पुन्हा घेऊ. तो शेवटचा निकाल." त्या उठल्या, आणि दारापाशी थांबून स्वरूपाकडं बघत म्हणाल्या, "मी स्वतः तीस वर्षं भिंती केल्या आहेत. फार थकलेला हातसुद्धा असाच चालतो. मेंदू बघायचं बंद करतो आणि जुन्या वळणावर सोडून देतो. यंत्राला थकवा आणि नक्कल यांतला फरक कळत नाही. जमलं तर झोपा."

विक्रांत शेजारीच उभा होता. त्यानंही ते ऐकलं.

घरी आल्यावर विक्रांत म्हणाला की तो उद्याच जाऊन सांगतो, वहिनीची बाही मी चोरली, त्यांना पत्ताही नव्हता. स्वरूपानं त्याला तिथंच थांबवलं. चोरी कबूल केली की खटला, शिक्षा, आणि पुन्हा कुठल्याही देशाचं दार बंद. सासूबाईंच्या पोराच्या नावावर चोरीचा शिक्का तिच्यामुळं बसणार नव्हता. "आणि खोटं कशाला?" ती म्हणाली. "मीच दिली होती, भावजी." नुसतं नापास होऊन परत जाणं वेगळं. त्यात नाचक्की असते, पण डाग नसतो.

तिनं रणजितला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तोही दमलेलाच असायचा, पोरीचं, आईचं आणि पतसंस्थेचं करून. तो म्हणाला, "घरातल्या कुणाचं तरी एकाचं होतंय ना. हेही काही कमी नाही."

त्याला वाईट म्हणायचं नव्हतं. पण स्वरूपाला ते फार लागलं. विक्रांतचा परवाना विक्रांतपुरता. त्यावर भाऊ, भावजय, पुतणी कुणी येऊ शकत नव्हतं, आणि हे रणजितला माहीत होतं. पाच वर्षं ती ज्याच्यासाठी राबली ते नाही झालं तरी चालेल असं त्याला वाटायला लागलंय, की तो फक्त तिची समजूत घालतोय, हे तिला विचारवलं नाही. मागून सासूबाईंचा आवाज आला, काय झालं, पोराचं झालं का? रणजित त्यांना काहीतरी सांगायला वळला आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गजर वाजला तेव्हा विक्रांत बूट घालून तयार होता. त्यानं वृद्धाश्रमात बोलणं केलं होतं. शाळेतलं काम निकाल लागेपर्यंत दोघांचंही बंद होतं, आणि वृद्धाश्रमातल्या तिच्या दोन्ही पाळ्या दोन आठवडे तो करणार. "तुम्ही झोपा की, वहिनी," तो म्हणाला. "त्या बाईंनी सांगितलंय ना. करतो की मी. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला काय परीक्षा द्यायचीय?"

तुमचं दुपारचं बेकरीतलं काम आहे, तेवढंच पुरे, असं तिनं म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. ती परत आडवी झाली आणि उन्हं वर येईपर्यंत झोपली.

इतकी झोप तिनं बाळंतपणातही घेतली नव्हती. पहिले काही दिवस ती नुसती उठायची, खायची, पुन्हा झोपायची. अंग दुखायचं ते आता कुठं कळायला लागलं. मग हळूहळू जरा माणसात आली. दुपारी रेवाला फोन केला आणि तिच्या वर्गातली भांडणं ऐकली, नुसती हूं हूं न करता खरोखर ऐकली, कोण कुणाशी बोलत नाही आणि का, हे सगळं. रेवा आधी बिचकली, मग सुटली. फोन ठेवताना तिनं विचारलं, "उद्या याच वेळी करशील?" स्वरूपानं फोन ठेवला आणि पोटभर रडली. मग परत झोपली.

विक्रांत घरात दिसायचा तो येता-जाता. पहाटे वृद्धाश्रम, दिवसा बेकरी, संध्याकाळी पुन्हा वृद्धाश्रम. उभ्याउभ्या जेवायचा. बरं आहे ना, असं ती विचारायची आणि तो हो म्हणायचा. तिला तेवढं पुरायचं. पुढं तिनं विचारलं नाही, कारण पुढं विचारलं असतं तर झोप सोडावी लागली असती, आणि ते तिला कळत होतं.

दुसऱ्या परीक्षेला शेडमध्ये दोनच भिंती होत्या, शेजारी शेजारी. स्वरूपानं थापीवर माल घेतला, पहिला फटका दिला, आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. भिंत तिच्याशी बोलत होती. इथली वीट अधाशी आहे, पाणी ओढतेय, हलक्या हातानं घे. इथं ओल आहे, थांब जरा. मनगट आपोआप वळत होतं, आणि प्रत्येक वेळी वेगळं वळत होतं. आपलं हे कधी हरवलं, आणि हरवलंय हेसुद्धा आपल्याला कळलं नाही, याचं तिला आता भय वाटलं. त्याहून जास्त तिला आनंद झाला. हात परत आला होता.

मग तिनं सहज शेजारी पाहिलं.

विक्रांत काम करत होता. डोळे उघडे होते, पण तो कुठंच बघत नव्हता. त्याचा हात खालून वर जात होता, उतरत होता, पुन्हा खालून वर. प्रत्येक फटका आधीच्या फटक्यासारखा. ओली वीट, कोरडी वीट, सारखंच. पहिल्या परीक्षेनंतर पडद्यावरच्या सपाट रेघेत पाहिलेला तिचा स्वतःचा हात तिला तिथं दिसला. माल एका जागी सुटून खाली घसरला, तरी त्याच्या हाताला त्याचा पत्ता नव्हता.

तिला सगळं एकदम कळलं. दारापाशी मिसेस डॅनहर जे बोलल्या ते विक्रांतनं तिच्याइतकंच नीट ऐकलं होतं. तिला विश्रांती मिळावी म्हणून त्यानं पाळ्या घेतल्या होत्या, पण तेवढ्यासाठीच नाही. त्याला तिच्या जागी जायचं होतं. कबुली देऊन दोघंही बुडाले असते, खोटी चोरी सांगून तो बुडाला असता. म्हणून मग त्यानं हा मार्ग काढला. हात इतका थकवायचा की यंत्र त्याला नक्कल म्हणेल. आणि ते खोटंही नव्हतं.

स्वरूपाच्या हातात थापी होती. आता तिनं मुद्दाम फटके सारखे मारले असते, डोळे मिटून चार हात जास्त दाबले असते, तर निकाल पुन्हा काठावर आला असता. हा विचार तिच्या मनात आला. खरंच आला. त्या मुलाचं लग्न, त्या मुलीकडची माणसं, सासूबाईंचं ते वाक्य, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि मग रेवाचा आवाज आला, उद्या याच वेळी करशील?

तिनं हात थांबवला नाही. भिंतीनं सांगितलं तसा तो वळू दिला. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि भिंत सुंदर होत होती, दोन्ही एकाच वेळी.

निकाल तिथंच सांगितला. स्वरूपा मूळ. कायमचा परवाना मंजूर, कुटुंबाला बोलावता येईल. विक्रांत नापास, महिन्याभरात देश सोडावा. मिसेस डॅनहरनी विक्रांतशी हात मिळवला, आणि तो हात जरा जास्त वेळ हातात धरून ठेवला. त्यांनी किती ओळखलं होतं कुणास ठाऊक.

बसमध्ये स्वरूपानं त्याला विचारलं, "मुद्दाम केलंत ना, भावजी?"

"त्यात मुद्दाम काय करायचंय?" विक्रांत म्हणाला. "इतक्या पाळ्या तुम्ही पाच वर्षं ओढल्यात. मी दोन आठवड्यांत आडवा झालो." मग थोड्या वेळानं म्हणाला, "दादाला काही सांगू नका. उगाच त्याला लागेल." आणि खिडकीच्या काचेला डोकं टेकून तो झोपला. खड्ड्यातून बस गेली की त्याचं डोकं काचेवर आपटायचं, पण तो काही उठला नाही. शेवटी स्वरूपानं आपली ओढणी घडी करून मध्ये सरकवली.

घरी आल्यावर तो खोलीत जाऊन पडला. ती फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. बार्शीत सकाळ होती, रेवाची शाळेची गडबड चालली होती. झालं म्हटल्यावर रणजितला आधी विश्वासच बसेना. मग तो हसायला लागला. त्यानं ओरडून रेवाला सांगितलं. रेवा फोनवर आली आणि तिनं पहिलाच प्रश्न विचारला की तिथं शाळेला डबा न्यावा लागतो का. स्वरूपानं सांगितलं, हो, मी करून देईन.

मग रणजितनं फोन परत घेतला. "आणि विकी?"

"त्याचं नाही झालं."

पलीकडून उसासा आला. मला वाटलंच होतं, रणजित म्हणाला. विकीला कधी कुठली गोष्ट शेवटाला नेता आलीय? वहिनीसारखी वहिनी हाताशी असून याला जमलं नाही. आता मुलीकडच्यांना काय सांगायचं, आणि आईला काय सांगायचं? जाऊ दे, तुझं झालं हे महत्त्वाचं. येऊ दे त्याला, आला की बघतो त्याच्याकडं.

स्वरूपानं डोळे मिटले. गप्प बसणं सोपं होतं. विक्रांतनंच तसं सांगितलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यात तिचं स्वतःचंही निघणार होतं, तिनं काय पाहिलं आणि पाहूनही हात कसा थांबवला नाही ते. नवऱ्यासमोर एवढं उघडं व्हायची ताकद तिच्यात उरली नव्हती. पण दोन आठवडे झोपली होती ती, आणि ती झोप कुणाची होती हे तिला आता ठाऊक होतं.

"रणजित, नीट ऐक," ती म्हणाली. "मध्ये बोलू नकोस."

आणि तिनं सगळं सांगितलं. बाही दिली तिथपासून बसमधल्या झोपेपर्यंत, स्वतःचं काहीही न वगळता. मग रणजित बोलला. तो कॅशियरचा आवाज नव्हता, आणि मोठ्या भावाचाही नव्हता.

"कधी येतोय तो?"

"महिन्याभरात. मुंबईला उतरेल. गाडी करून ये म्हणून त्याला सांगू नकोस. तू जा. आईंना ने, रेवालाही ने. आणि तो बाहेर आला की काही विचारू नका," ती म्हणाली. "आधी त्याच्या हातातली बॅग घे. त्याला काही उचलू देऊ नकोस."

रणजित "हो" म्हणाला.